डब्यातल्या बिस्किटांचा दोष

आज ओपीडीत साडेसात वर्षांच्या मुलीला घेऊन तिची आई आली होती, आणि लेक बाहेरच्या बाकावर जाऊन बसताच तिने हळू आवाजात विचारले, "डॉक्टर, हिला इतक्या लवकर पाळी येईल का हो?" मुलीचे वजन वयाच्या मानाने बरेच जास्त होते, पण छातीवरचा उभार निव्वळ चरबीचा नव्हता, त्याखाली स्तनग्रंथीची छोटी गाठ बोटांना स्पष्ट लागत होती. आठव्या वर्षाआधी ही सुरुवात झाली तर तपासणी करावीच लागते, म्हणून हाडांचे वय पाहण्यासाठी डाव्या हाताचा एक्स-रे लिहून दिला.

१९९४ साली शोध लागलेले लेप्टिन हे संप्रेरक चरबीच्या पेशींतूनच स्रवते आणि शरीरात पुरेशी ऊर्जा साठल्याचा निरोप मेंदूला पोहोचवते. ज्या मोजक्या मुलांच्या शरीरात ते जन्मतः तयारच होत नाही, ती सहसा उपचारांशिवाय वयात येत नाहीत. तरीही एकटे लेप्टिन ही प्रक्रिया सुरू करू शकत नाही, आनुवंशिकतेचा वाटाही मोठा असतो, हे मी त्या माऊलीला मुद्दाम दोनदा सांगितले, कारण ती सगळा दोष डब्यात दिलेल्या बिस्किटांवर, म्हणजे स्वतःवर घेत होती.

एक्स-रे उद्या येईल.