अटी वाचल्या आणि बसले

आज माझ्या लेखांच्या साइटचं होस्टिंग (सर्व्हरवरची भाड्याची जागा) रिन्यू करताना पहिल्यांदाच अटी नीट वाचल्या. एका ओळीवर अडकले: कोणत्याही कारणाने, न कळवता सेवा बंद करू. कोणत्याही!

डिसेंबर २०१० आठवला. अमेरिकी सिनेटर जो लीबरमन यांच्या कार्यालयातून विचारणा झाली आणि अ‍ॅमेझॉनने विकिलीक्सला, म्हणजे गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या साइटला, आपल्या सर्व्हरवरून उतरवलं. कोर्टाचा आदेश वगैरे काही नाही. कंपनी म्हणाली, दबाव नव्हता, अटी मोडल्या. (अटी! त्याच त्या, आपण न वाचता टिक करतो त्या.) अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणारी तिथली पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी कंपनीचे नाही.

मीही टिक केलं, पैसे भरले. आता सगळे लेख हार्डडिस्कवर उतरवतेय. चाळीस टक्के झालेत, लॅपटॉपचा पंखा घरघरतोय.