तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरातलं चळवळीत कोणी नव्हतं

मी म्हापशाचा आहे म्हटलं की पुण्यात हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "मग तुमच्या घरातलं गोवामुक्तीत कोणी होतं का हो?" आणि मी नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरासा पडतो, म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

कोणी नव्हतं. आजोबांचं कापडाचं दुकान होतं आणि ते गप्प होते.

पण गप्प म्हणजे कसे ते ऐका. 1954 मध्ये आमच्या आत्याचं लग्न ठरलं, मुलगा बेळगावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं, आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राज्यात पेपर-बिपर सोडाच, लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून आणावी लागायची, जोक नाही हा. तर आजोबांनी पत्रिकेचा कच्चा मजकूर लिहिला, त्यात नवऱ्या मुलाच्या पत्त्यात "बेळगाव, हिंदुस्थान" असं होतं, आणि छापखान्यात द्यायच्या आदल्या रात्री त्यांनी स्वतःच "हिंदुस्थान" खोडलं. सेन्सॉरने सांगितलं नव्हतं, कोणी धमकी दिली नव्हती, साहेबाने कागद अजून बघितलासुद्धा नव्हता! आजी सांगायची की बेतीला फेरीत बसून पणजीला जाताना ते कागद चार वेळा उघडून बघत होते. शिक्का पाच मिनिटांत मिळाला म्हणे.

आता त्याच म्हापशात, त्याच वर्षी फेब्रुवारीत काय झालं होतं बघा. एक मेजवानी होती, भाषणात कोणीतरी गोवा म्हणजे पोर्तुगालच अशा अर्थाचं बोललं, आणि डॉ. पुंडलिक गायतोंडे, जे स्वतः पोर्तुगालमध्ये शिकलेले, बायको पोर्तुगीज, ते एवढंच म्हणाले, "प्रोतेस्तो". म्हणजे माझा निषेध आहे. एक शब्द. तेवढ्यावर अटक आणि रवानगी थेट पोर्तुगालला.

लोकांना वाटतं एका शब्दाला एवढं काय घाबरायचं. पण सालाझारचा सगळा डोलाराच त्यावर उभा होता ना, 1951 मध्ये त्याने वसाहत हा शब्दच घटनेतून काढून "सागरपार प्रांत" करून टाकला होता आणि जगाला सांगत होता की इथे सगळे खुशीत आहेत, तक्रार कुणाचीच नाही. मग भरल्या ताटावर एक नामांकित सर्जन "नाही" म्हणतो म्हटल्यावर ते खोटं पडतं. आजोबांसारखी हजारो माणसं रोज त्या खोट्याला सही देत होती, सही न करता. हे मी रागाने लिहीत नाहीये, पदरात चार पोरं असताना मीही तेच केलं असतं, बहुतेक.

दुसरा प्रश्न याला जोडूनच येतो, शेवटी आर्मीनेच सोडवला ना गोवा? हो, डिसेंबर 1961, दीड-दोन दिवसांत खेळ खल्लास. पण मोहन रानडे घ्या. मूळचे सांगलीचे, गोव्यात मराठीचे मास्तर म्हणून आले, आझाद गोमंतक दल या सशस्त्र लढा देणाऱ्या गटात गेले, आणि ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. (बेती, हो तीच, जिथे आजोबा फेरीत बसले होते.) 26 वर्षांची शिक्षा झाली, पुढे पोर्तुगालला नेलं. गोवा सुटला, इथे निवडणुका झाल्या, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं (मगोचं) सरकार आलं, आणि हा माणूस अजून लिस्बनजवळच्या तुरुंगातच! सुटले ते 1969 च्या जानेवारीत. त्याच राजवटीने स्वतःच्या पोर्तुगीज विरोधकांनाही तसंच कोंडलं होतं, आणि त्यांच्यातल्या काहींना तर 1974 पर्यंत, म्हणजे ती राजवट पडेपर्यंत थांबावं लागलं.

आजोबा 19 डिसेंबरला, म्हणजे गोवा मुक्तिदिनाला, दरवर्षी झेंडावंदनाला जायचे, पण मागे उभे राहायचे, पुढच्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "त्या खुर्च्या माझ्या नव्हेत रे."

ती पत्रिका अजून आत्याच्या पत्र्याच्या डब्यात आहे. शिक्का पुसट झालाय. खिळे जुळवणाऱ्याने "हिंदुस्थान" काढलं पण स्वल्पविराम काढायला विसरला, त्यामुळे पत्ता आजही असाच आहे: "बेळगाव," आणि पुढे कोरी जागा.