डायनाला गाठायचे कसे?

दुसऱ्या महायुद्धातील विमानांचा विषय निघाला की आम्ही हौशी मंडळी लगेच कमाल वेगाचे आकडे काढून बसतो. परंतु टेहळणी विमान आणि त्याला अडवायला निघालेले लढाऊ विमान यांच्या बाबतीत तो आकडा फारसा कामाचा नसतो, हे जपानी लष्कराच्या मित्सुबिशी की-46 या विमानाच्या उदाहरणावरून चांगलेच पटते. दोन इंजिने, दोन माणसे, कॅमेरे आणि मागच्या बाजूला 7.7 मिलिमीटरची एकच मशीनगन, एवढाच त्याचा संसार. दोस्त राष्ट्रांनी त्याला ‘डायना’ हे सांकेतिक नाव दिले होते.

1943 मध्ये ही विमाने ब्रह्मदेशातून चितगाव आणि बंगालच्या आकाशात येत, तेव्हा त्यांच्या मागावर जायला ब्रिटिशांची हरिकेन ही लढाऊ विमाने होती. सहा किलोमीटर उंचीवरून डायना ताशी सुमारे 600 किलोमीटर वेगाने जाऊ शकत असे. हरिकेनला तेवढी उंची गाठायलाच आठ-नऊ मिनिटे लागत आणि तेवढ्या अवधीत डायना ऐंशी-नव्वद किलोमीटर पुढे निघून जाई. नोव्हेंबर 1943 मध्ये तेथे स्पिटफायर ही ब्रिटिश लढाऊ विमाने तैनात झाली आणि त्याच महिन्यात डायना पडू लागली. गंमत म्हणजे, सरळ उड्डाणात त्या वेळची स्पिटफायर डायनापेक्षा वेगवान मुळीच नव्हती. मात्र ती लवकर वर चढे, आणि एकदा डायनाच्या वर पोहोचली की सूर मारताना मिळणारा जादा वेग पुरेसा होई.

शिवाय छायाचित्रण करणाऱ्या वैमानिकाचे हात बांधलेले असतात. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत जमिनीचा बराचसा भाग सामाईक यावा लागतो, कारण त्याशिवाय दोन्ही शेजारी ठेवून उंच-सखलपणा पाहता येत नाही; त्यामुळे कॅमेरा चालू असेपर्यंत विमान एकाच उंचीवर, एकाच दिशेने न्यावे लागते. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या परिसरात 17 ऑगस्ट 1943 रोजी एकाच दिवसात चार डायना पाडली गेली, त्यांतले शेवटचे ऑस्ट्रेलियन वैमानिक क्लाइव्ह कॉल्डवेल यांनी.

1 नोव्हेंबर 1944 रोजी पारडे फिरले. बी-29 या बॉम्बफेकी विमानाचीच छायाचित्रणासाठी बनवलेली आवृत्ती असलेले अमेरिकेचे एफ-13 विमान टोकियोवर सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून छायाचित्रे घेत फिरले आणि जपानी लढाऊ विमानांना ते गाठता आले नाही. बी-29शी लढण्यासाठी जपान्यांनी डायनावरच 37 मिलिमीटरची तोफ बसवून पाहिली. पण त्या अवतारात तिला वर चढायलाच फार वेळ लागे.