‘मिड-सेंच्युरी क्लासिक’ : फोर्टातलं जुनं ऑफिस घेताना

पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये. वर मोठ्या अक्षरात ‘मिड-सेंच्युरी क्लासिक’, खाली जाळीच्या दाराच्या लिफ्टचा फोटो आणि मग वैशिष्ट्यं: बारा फूट उंची, मूळ मोझेक फरशी, सागवानी दारं, दर्शनी बाजूला सलग छज्जा, ५३० चौरस फूट, ‘प्री-लीज्ड’, मेट्रो दोन मिनिटांवर. किंमत १ कोटी १८ लाख.

फोटो बघून मला हसूच आलं. ही बिल्डिंग मी रोज बघितलेली. १९८६ साली फोर्टात एका विमा कंपनीत लागले तेव्हापासून हुतात्मा चौकातून ऑफिसला जाताना ती डाव्या हाताला लागायची. आमचे साहेब तिला ‘नवी बिल्डिंग’ म्हणायचे, कारण आजूबाजूचं सगळं इंग्रजांच्या वेळचं आणि ही १९५७ची. तेव्हा कुणाला त्यात काही क्लासिक वाटत नव्हतं. खाली झेरॉक्सवाला आणि पानवाला होता, एवढीच तिची ओळख.

मी निवृत्त झाले होते आणि ह्यांच्या वडिलांची वसईची जागा विकून पैसे आले होते. मुलगा म्हणाला, “आई, ऑफिसमध्येच पैसे घालायचे तर रीट घे, म्हणजे ऑफिसच्या इमारतींतली शेअरसारखी गुंतवणूक. एक युनिट काही शे रुपयांत मिळतं, विकायचं तर मोबाइलवर विक.” त्याचं चुकत नव्हतं. पण ज्या रस्त्यावर तीस वर्षं डबा खाल्ला तिथे आपली चार भिंतींची जागा असावी, ही हौस हिशेबात बसत नाही. ती मी आधीच कबूल करून टाकते.

एजंटला पहिला प्रश्न विचारला तो फोर्टात कोणीही विचारतो तोच: ओनरशिप की पागडी? ह्या भागात अर्ध्याहून जास्त गोंधळ तिथेच संपतो किंवा सुरू होतो. पागडीची जागा स्वस्त दिसते, पण आपण फक्त भाडेकरूचा हक्क विकत घेत असतो. मालकाची संमती लागते, आणि दर हस्तांतरात त्याचा वाटा असतो, रिवाजाने साधारण तिसरा हिस्सा. पागडी घेणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने कायदेशीर झालं खरं, पण भाड्याने देऊन उत्पन्न घ्यायचं असेल तर आमच्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. ही जागा ओनरशिपची निघाली. प्रिमायसेस सोसायटी, शेअर सर्टिफिकेट, सगळं होतं. फक्त सर्टिफिकेटवर नाव विकणाऱ्यांच्या वडिलांचं होतं आणि ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याबद्दल पुढे.

जागा बघायला ह्यांनी मोजपट्टी बरोबर घेतली. एजंटला ते फारसं रुचलं नाही. “मॅडम, हाइट बघा ना, आजकाल अशी हाइट मिळते कुठे!” उंची खरंच बारा फूट होती. आणि त्या उंचीचा फायदा घेऊन लोखंडी अँगलवर फळ्या टाकून पोटमाळा केला होता, त्यावर दोन टेबलं आणि एक मुलगी कॉम्प्युटरवर बसलेली, मान किंचित वाकवून. खालचा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष जागा, भरला ३७२ फूट. पोटमाळ्याचे १५८ मिळवले की बरोबर ५३०. सोसायटीकडून मंजूर नकाशाची प्रत मागवली, त्यात पोटमाळ्याचं नावही नव्हतं. म्हणजे १ कोटी १८ लाखांतला जवळजवळ तीस टक्के हिस्सा आम्ही फळ्यांना देणार होतो! पुढचं सगळं बोलणं ३७२ वर झालं.

आता छज्जा. पत्रकातलं मला सगळ्यात आवडलेलं वैशिष्ट्य हेच होतं. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांवरून बिल्डिंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो सलग जातो, त्यामुळे खालून बिल्डिंग कपाळावर आडवा हात धरून उन्हात बघणाऱ्या माणसासारखी दिसते. तेव्हाच्या आर्किटेक्टांनी एसी गृहीत धरलेला नव्हता. ऊन आत येऊ नये, पावसाची झड लागू नये, खिडकी जूनमध्येही उघडी ठेवता यावी, म्हणून एवढा बाहेर काढलेला छज्जा. उंच छत, समोरासमोर खिडक्या, मोझेकची गार फरशी, सगळं त्याच हिशेबातलं.

ओळखीतल्या एका तरुण स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन गेलो. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे स्थैर्याचा दाखला लागतो. सोसायटीकडे अहवाल होता, पण आम्हाला आमचं बघायचं होतं. त्याने फरशीकडे बघितलंही नाही. खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकला आणि म्हणाला, “काकू, इकडे या.” छज्ज्यावर ओळीने एसीचे आउटडोअर युनिट ठेवलेले, आमच्या जागेचे दोन, शेजाऱ्यांचे तीन. त्यांचं पाणी पाइपातून न जाता सरळ छज्ज्यावर ठिबकत होतं, तिथे हिरवट काळा पट्टा पडलेला.

“घरातल्या स्लॅबची मुख्य सळी खालच्या बाजूला असते,” तो म्हणाला. “छज्जा एका बाजूने लोंबकळतो, म्हणून त्याची सळी वरच्या अंगाला असते. तुम्ही वरूनच पाणी पाजलं तर आधी तीच गंजणार. आणि वरून वजन.” ज्या छज्ज्यामुळे एसी लागू नये, त्याच्याच डोक्यावर एसी बसवून त्याला पोखरत होते. मला ते फार लागलं, का ते सांगता येणार नाही.

मग सोसायटीच्या परवानगीने मागच्या जिन्याजवळच्या एका तुळईचा कपचा काढला. त्याने बाटलीतून पाण्यासारखं काहीतरी मारलं, फिनॉल्फ्थॅलिन. काँक्रीट ठणठणीत असेल तर गुलाबी होतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून त्याचा अल्कधर्म गेला असेल तर रंगच येत नाही. आम्ही तिघं आणि वॉचमन टॉर्च धरून बघत होतो. बाहेरच्या थराला काही झालं नाही. आत, सळीच्याही मागे, कडेला फिकट गुलाबी छटा आली. म्हणजे सळीपर्यंतचं कवच थकलं होतं. सळी गंजली की फुगते, आणि फुगली की वरचं काँक्रीट ढकलून पाडते. आपण ज्याला ‘प्लॅस्टर पडलं’ म्हणतो ते बऱ्याचदा हेच असतं.

काँक्रीट कितपत मजबूत आहे ते बघायला त्याने हॅमर टेस्ट केली, अल्ट्रासोनिकचे रीडिंग घेतले. शेवटी म्हणाला की सोसायटीच्या अहवालात सी-२ बी लिहिलंय ते पटण्यासारखं आहे. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-२ ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे माणसं आत असतानाच मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. “बिल्डिंग वाईट नाही काकू, दुर्लक्षित आहे,” असं म्हणून त्याने जाता जाता भाडेकरूच्या फायलींच्या कॉम्पॅक्टरकडे, म्हणजे सरकत्या लोखंडी कपाटांकडे, बोट दाखवलं. कागदाचं वजन कमी समजू नका, एका ओळीत एवढे कॉम्पॅक्टर नकोत, हे लायसन्समध्ये लिहून घ्या. मी घेतलं.

दुरुस्तीसाठी आमच्या जागेच्या वाट्याला साडेतीन लाख येणार होते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झालेला, पत्रकात अर्थातच नव्हता. सौदा करायला जायच्या आधी सोसायटीची गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागून वाचा, एवढं मी कोणालाही सांगेन. इमारतीची खरी वैशिष्ट्यं तिथे असतात. आमच्या इतिवृत्तांत लिफ्टचं गाऱ्हाणं चार वेळा होतं. आगीची उपकरणं चालू असल्याचा दाखला, ‘फॉर्म बी’, जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यायचा असतो, त्यातला जुलैचा एकदा राहून गेल्याची नोंदही होती.

विजेचं थोडक्यात सांगते. जागेचा मंजूर लोड जुन्या काळच्या दिवे-पंख्यांपुरता, आणि त्यावर दोन एसी, सर्व्हर, मायक्रोवेव्ह. वाढीव लोडसाठी ‘बेस्ट’कडे अर्ज आणि आतलं वायरिंग नवं, हे खरेदीनंतर आम्हीच केलं. सागवानी दारं मात्र खरी सागवानी होती. मोझेकमधल्या पितळी पट्ट्या आमच्या बाईने लिंबाने घासल्यावर अशा काही चमकल्या की ह्यांनी तिथेच मान्य केलं, टाइल्स नकोत.

‘प्री-लीज्ड’ म्हणजे भाडं आधीच सुरू आहे. मी त्यावर खूश होते. वकिलांनी करार वाचून विचारलं, “लॉक-इन, म्हणजे भाडेकरूला मधेच सोडून जाता येत नाही ती मुदत, कधी संपलं?” २०२२ चा, साठ महिन्यांचा रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स, सहा महिन्यांचं डिपॉझिट, दरवर्षी पाच टक्के वाढ, सगळं नीट. पण लॉक-इन फक्त दोन वर्षांचं होतं आणि ते उलटून गेलं होतं. तीन महिन्यांची नोटीस देऊन ते कधीही जाऊ शकत होते. म्हणजे भाडं आहे, भाड्याची खात्री नाही. आम्ही भाडेकरूंनाच जाऊन भेटलो. सीएची फर्म, वयस्कर भागीदार. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, पोटमाळा काढणार नसाल तर राहतो. पोटमाळ्यावर माणूस बसवायचा नाही, फक्त फायली, त्याही मोजक्या, आणि नवं लॉक-इन दोन वर्षांचं, ह्यावर जमलं. ऑक्टोबर २०२४ पासून माझ्यासारख्या जीएसटी नोंदणी नसलेल्या मालकाच्या भाड्यावरचा १८ टक्के कर नोंदणी असलेल्या भाडेकरूनेच भरायचा असतो. त्यावर ते थोडे कुरकुरले, पण त्यांना त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो त्यांच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा होतो, हे मला सांगणारेही तेच.

किंमत १ कोटी ५ लाखांवर आली, दुरुस्तीचे साडेतीन लाख विकणाऱ्यांकडे. इथे संपायला हवं होतं.

विकणारी तीन भावंडं. आधी वडिलांच्या नावचं शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर व्हायला सव्वा महिना. मग कळलं, धाकटी बहीण न्यू जर्सीला. इथल्या दोघांच्या ३५-३५ लाखांवर एक टक्का टीडीएस, तो सोपा, फॉर्म २६ क्यूबी. (प्रत्येकाचा वाटा पन्नास लाखांच्या आत आहे म्हणून कापायचा नाही, असं एकाने सांगितलं होतं, ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांची मिळून रक्कम धरतात.) अनिवासी विकणाऱ्याला हा नियमच लागू नाही. तिथे तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम १९५. मला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागला, आणि कमी कपातीचा दाखला आणला नाही तर तिच्या पूर्ण ३५ लाखांवर साडेबारा टक्के आणि वर सेस, म्हणजे ४ लाख ५५ हजार कापायचे. कापले नाहीत तर जबाबदारी माझी, म्हणजे विकत घेणाऱ्या बाईची! तिने दाखल्यासाठी अर्ज केला आणि आम्ही थांबलो. तिच्या मुखत्यारपत्रावर तिथे शिक्का, मग इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. ह्या थांबण्यात १ एप्रिल उजाडला आणि रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला जागेचा दर, वाढला, आधीची दोन वर्षं दर हलले नव्हते. आमचा सौदा रेकनरच्या वर होता म्हणून निभावलं.

मे २०२५ मध्ये दस्त झाला. मुद्रांक सहा टक्के, ६ लाख ३० हजार, नोंदणी फी ३० हजार. बायकांना एक टक्का सवलत असते म्हणून जागा माझ्या एकटीच्या नावावर घ्यायची असं ह्यांनी ठरवलं होतं. ती सवलत राहत्या घराला असते, ऑफिसला नाही, हे सब-रजिस्ट्रारच्या खिडकीपाशी कळलं. तरी नाव माझंच राहिलं. वय झालं की बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. तिथल्या मुलाने माझ्या अंगठ्यावर फुंकर मारायला सांगितली, पाचव्यांदा उमटला.

हिशेब असा. भाडं महिना ५८ हजार, वर्षाचे ६ लाख ९६ हजार. सगळा खर्च धरून जागा मला साधारण १ कोटी १२ लाखांना पडली. सोसायटीचं मेंटेनन्स ७८ हजार, मालमत्ता कर आणि बारीकसारीक ३८ हजार. हातात ५ लाख ८० हजार, टक्केवारीत पाचाच्या थोडं वर, आयकराच्या आधी. एजंटच्या पत्रकात ‘७% +’ लिहिलं होतं. मुलाने काही म्हटलं नाही, नुसता अंगठा पाठवला.

एजंटची एक गोष्ट मात्र खरी ठरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि हुतात्मा चौक स्टेशनातून मी चालत चार मिनिटांत बिल्डिंगपाशी पोचले. दोन नाही, चार. पण गुडघे माझे आहेत.

छज्ज्यावरचे एसी गच्चीवर न्यायचा ठराव पुढच्याच मीटिंगमध्ये मी मांडला. शेजारच्यांना पटायला दोन मीटिंगा लागल्या. लिफ्टही बदलायचं ठरलं, जाळीचं दार जाणार, आपोआप उघडणारं येणार, प्रत्येक जागेमागे ४० हजार. लिफ्टमन मामांना मी विचारलं, तुम्हाला वाईट वाटतं का? ते म्हणाले, “बाई, ते दार दिवसातून तीनशे वेळा ओढून बघा.”

परवा चौथ्या मजल्यावरची जागा विकायला निघाल्याचं पत्रक आलं, त्याच एजंटकडून. वर फोटो त्याच जाळीच्या लिफ्टचा.