६८ ची जीटीओ: ब्लॉकवरचा नंबर जुळला, किमतीचा तक्ता नव्याने

नंबर जुळला! माझ्या १९६८ च्या पॉन्टियाक जीटीओत मी एलएस३ हे आधुनिक इंजिन बसवतोय, आणि गॅरेजच्या कोपऱ्यात स्टँडवर झाकून ठेवलेला ४०० चा (४०० घनइंची जुन्या इंजिनाचा) ब्लॉक ह्याच गाडीचा निघाला. गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं की मूळ इंजिन केव्हाच गेलं, हे कुठल्या तरी दुसऱ्या पॉन्टियाकमधलं आहे. गाडी विकली तर किती येतील ह्याचा आजवरचा सगळा तक्ता त्याच गृहीतकावर उभा होता. तो आता मुळापासून बदलतोय, म्हणून एलएस३ च्या वायरिंगची नोंद पुढे ढकलून आधी हे लिहितो.

निमित्त साधं होतं. ओहायोतल्या एका गृहस्थांना ४०० चा ब्लॉक हवा होता. त्यांनी कास्टिंग नंबर (ब्लॉक ओततानाच त्यावर उमटलेला नंबर) आणि तारखेचे फोटो मागितले, म्हणून झाकण काढून साफसफाईला बसलो. मागे, डिस्ट्रिब्यूटरच्या भोकाजवळ, ९७९००७१ हा कास्टिंग नंबर आहेच, म्हणजे १९६८ चाच ४००. पुढे उजवीकडे इंजिनाचा अनुक्रमांक आणि त्याखाली ‘डब्ल्यूटी’, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं ३५० हॉर्सपॉवरवालं. इथवर नवीन काही नव्हतं. खरा नंबर, म्हणजे गाडीच्या व्हीआयएनचा (चॅसी नंबरचा) ब्लॉकवर ठोकलेला भाग, असतो टायमिंग कव्हरच्या शेजारी, आणि तिथे निळ्या रंगाचे थर आणि त्यावर पन्नास वर्षांचं ग्रीस.

ज्यांच्याकडे असा ब्लॉक पडून आहे त्यांना कळकळीने सांगतो, त्या जागेला वायर ब्रश, सँडपेपर, ग्राइंडर ह्यातलं काहीही लावू नका. ठोकलेले आकडे फार खोल नसतात आणि घासलेली जागा पाहिली की जाणकार गिऱ्हाईक नंबर नंतर ठोकलाय असंच धरून चालतं. मी पेंट स्ट्रिपर लावून वाट पाहिली, मग कार्ब क्लीनर, नायलॉनचा ब्रश आणि प्लास्टिकची पट्टी. हळूहळू ‘२८पी१’ वर आलं. २ म्हणजे पॉन्टियाक, ८ म्हणजे १९६८, पी म्हणजे मिशिगनमधल्या पॉन्टियाक गावचा कारखाना. पुढचे आकडेही एकेक करून टायटलवरच्या (मालकीच्या कागदावरच्या) व्हीआयएनशी जुळत गेले. अडकलं ते शेवटच्या आकड्यावर. व्हीआयएनमध्ये ८ आहे आणि ब्लॉकवर इंग्रजी तीन दिसत होता. डावीकडची बाजू ठोकतानाच उथळ बसलेली. समोरून टॉर्च मारला की तीन, फोटोतही तीन. शेवटी गॅरेजचे दिवे बंद केले, टॉर्च ब्लॉकला जवळजवळ टेकवून डावीकडून आडवा धरला आणि आकड्यात खडूची पूड भरली. तेव्हा डावीकडच्या दोन्ही कमानींची पुसटशी कड उजळली. आठच आहे. आनंदाने ओरडलो ते वरच्या मजल्यावर ऐकू गेलं.

एका आकड्यावर विसंबायचं नाही म्हणून कास्टिंगची तारीख पाहिली. बी, १४, ८, म्हणजे १४ फेब्रुवारी १९६८. पीएचएसकडून (पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस, जुन्या पॉन्टियाकच्या कारखान्यातल्या नोंदी देणारी संस्था) मागवलेल्या कागदांत गाडीचं इन्व्हॉइस ११ मार्च १९६८ चं आहे. ब्लॉक ओतला गेला, मशीनवर गेला, इंजिन जुळलं, गाडीत बसलं आणि गाडी निघाली, ह्या सगळ्याला तेवढा काळ बरोबर बसतो. तारीख गाडीच्या नंतरची निघाली असती तर जुळलेल्या नंबरालाही काडीची किंमत राहिली नसती. सिलिंडर हेड्सवर १६ नंबर आहे, तोही ह्या इंजिनाला शोभणाराच. पॉन्टियाकवाल्यांना पीएचएसची जी सोय आहे तिचा शेव्हीवाल्यांना (शेव्हरोलेवाल्यांना) हेवा वाटतो ते उगाच नाही. फोर्डवाल्यांकडे १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी तसाच मार्टी रिपोर्ट आहे. पण १९६९ ते ७१ च्या शेव्हीच्या शेव्हेलचा व्हीआयएन पाहून ती एसएस (तिची ताकदवान आवृत्ती) आहे की नाही हेसुद्धा सांगता येत नाही. आपला व्हीआयएन २४२ ने सुरू झाला की जीटीओ, विषय संपला.

आता किंमत. इथेच गेले कित्येक आठवडे डोकं अडकलंय.

आधीचा तक्ता असा होता. मूळ इंजिन नसलेली, बाकी नीट, रोज चालवण्याजोगी हार्डटॉप (पक्क्या छपराची): ३८,००० डॉलर. हा आकडा मी विक्री झालेल्या गाड्यांवरून काढलाय, जाहिरातीत मागितलेल्या किमतींवरून नाही. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. लिलावांचे आकडे घेतानाही ते एका पातळीवर आणावे लागतात. काही लिलावघरं खरेदीदाराचं कमिशन धरून किंमत छापतात, तर ब्रिंग अ ट्रेलर ह्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर दिसते ती नुसती बोली, खरेदीदाराची ५ टक्के फी वेगळी. हे न पाहता सरासरी काढली तर तीच चुकते. रिझर्व्हला (विकणाऱ्याने ठरवलेल्या किमान किमतीला) न पोहोचलेल्या गाड्यांची शेवटची बोली मी मुद्दाम वेगळ्या रकान्यात ठेवतो. एवढे पैसे द्यायला एक खरा माणूस तयार होता, हे तिच्यातून कळतं.

ह्या ३८,००० वर केलेल्या कामांचं काय धरायचं? मी घातलेले पैसे: एलएस३ क्रेट इंजिन (कारखान्यातून नवंकोरं तयार येणारं) कंट्रोलरसकट १२,०००, टाकी-फ्युएल लाइन-रेडिएटर-वायरिंग ३,८००, विलवुडचे डिस्क ब्रेक २,२००, सस्पेन्शन (कॉइलओव्हर आणि कंट्रोल आर्म्स) ४,०००, एसी २,३००, चाकं आणि टायर ३,४००. एकूण २७,७००. बाजार मात्र ह्यातल्या प्रत्येक डॉलरला वेगळा भाव देतो. एसीला मी ७० टक्के धरतो, कारण तो घ्यायला आलेल्या प्रत्येकालाच हवा असतो. ब्रेकला ६०, कारण ड्रमवर थांबायची भीती सगळ्यांना कळते. सस्पेन्शनला ५०. इंजिनाला ४०. चाकांना २५, कारण चाकांची आवड ज्याची त्याची आणि घेणारा पहिली तीच बदलतो. टाकी-वायरिंगला शून्य, ते इंजिनासोबत गेलं. बेरीज १०,५८०. म्हणजे गाडी ४८,५८०.

एलएसला चाळीसच टक्के का, असं मागच्या नोंदीवर विचारलं होतं. पॉन्टियाकच्या जुन्या मंडळींना जीटीओत शेव्हीच्या घराण्यातलं इंजिन सहन होत नाही, आणि घेणाऱ्यांत ती मंडळी बरीच असतात. मला स्वतःला हे पटत नाही. २००४ च्या जीटीओत पॉन्टियाकनेच एलएस१ बसवलं होतं आणि २००५-०६ ला एलएस२. शिवाय जुन्या ४०० चे ३५० हॉर्सपॉवर हे ग्रॉस, पंखा-अल्टरनेटर-एक्झॉस्ट सोडून टेस्ट बेंचवर मोजलेले. एलएस३ चे ४३० त्याच्याशेजारी ठेवताना हे लक्षात घ्यायला हवं, खरा फरक कागदावरच्यापेक्षा बराच मोठा आहे. पण माझ्या पटण्या-न पटण्याने भाव ठरत नाही, म्हणून ४०.

आता नंबर जुळलेला. मूळ इंजिन, मूळ चार-स्पीड मन्सी गिअरबॉक्स, मूळ व्हर्डोरो ग्रीन रंग आणि पीएचएसचे कागद, अशी स्टॉक हार्डटॉप माझ्या तक्त्यात ५२,००० ला बसते. फरक १४,००० चा. दोघा-तिघांनी लगेच कळवलं की हे १४,००० आधीच्या आकड्यात मिळवा, ६२,५८० झाले. नाही होत. १४,००० देणारा माणूस ते इंजिन गाडीत आहे म्हणून देतो, आणि त्याला माझ्या एलएस३ चे पैसे द्यायचे नसतात. १०,५८० देणारा माणूस वेगळा. दोघांच्या खिशातले पैसे एकाच गाडीवर मोजता येत नाहीत.

ह्यातून वाट सापडली ती दोन गिऱ्हाइकांचे दोन हिशेब वेगळे मांडल्यावर. पहिल्याला गाडी मूळ स्थितीत हवी. तो ५२,००० पासून सुरू करणार आणि गाडी परत मूळ करायचा खर्च वजा करणार: ४०० चं रीबिल्ड ७,५००, बसवायची मजुरी ३,५००, एक्झॉस्ट-रेडिएटर वगैरे २,०००. तेरा हजार गेले. पण उतरवलेलं एलएस३ आणि चाकं विकून त्याला आठेक हजार सुटतील. म्हणजे ४७,०००. दुसऱ्याला गाडी आहे तशी हवी, तो ४८,५८० वर. आणि कोपऱ्यातल्या ब्लॉकसाठी तो वर काहीतरी देईलच, कारण पुढे विकताना तो त्याच्याही कामी येणार. मी ३,५०० धरलेत. झाले ५२,०८०.

मला ह्यातला ४७,००० चा आकडा जास्त मोलाचा वाटतो. रेस्टोमॉडची (जुन्या गाडीत नवे भाग घातलेल्या अशा गाडीची) मोठी अडचण ही की तिच्या किमतीला तळच नसतो. रेस्टोमॉडचा बाजार पडला, एलएसची फॅशन गेली, तर आकडा कुठवर घसरेल ते कुणी सांगू शकत नाही. आता निदान मूळ स्थितीतली गाडी हवी असलेल्या गिऱ्हाइकाचा हिशेब खालून टेकू देतो. १९६८ ला ८७,६८४ जीटीओ बनल्या, त्यातल्या ७७,७०४ हार्डटॉप, त्यामुळे दुर्मिळतेचा आव आणण्यात अर्थ नाही. पण त्यांतल्या किती गाड्यांना आपलं इंजिन अजून सोबत आहे, हा वेगळा प्रश्न.

हा टेकू मात्र एका अटीवर टिकतो. गाडी खरोखर परत मूळ होता आली पाहिजे. हे लिहिता लिहिताच गिअरबॉक्सचा बेत बदलला. ट्रेमेक कंपनीचा सहा-स्पीड टी-५६ मॅग्नम घ्यायचं जवळजवळ नक्की होतं, पण त्यासाठी ह्या गाडीत ट्रान्समिशन टनेल (गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा उंचवटा) कापावा लागतो. कापलेला टनेल मूळ स्थितीतली गाडी हवी असलेल्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि ४७,००० मधून तो किती वजा करेल ते त्याच्या मर्जीवर. ट्रेमेकचाच टीकेएक्स पाच-स्पीड आहे, वरून बारीक केलेला, अशा जुन्या गाड्यांचे टनेल डोळ्यांपुढे ठेवूनच बनवलेला. सहावा गिअर नाही मिळणार, पण ओव्हरड्राइव्ह मिळतो आणि तो हायवेला पुरतो. मन्सी जपून ठेवायचा. जुनं बेलहाउसिंगही (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच). पॉन्टियाकचा बोल्ट पॅटर्न शेव्हीपेक्षा वेगळा, ऐन वेळी ते शोधत फिरावं लागायला नको. इंजिन माउंट सगळे बोल्टवरचे आहेत, फ्रेमला वेल्डिंगचा टाका नाही. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) एसीसाठी नवीन भोक पाडायचं होतं, तेही रद्द. नळ्या जुन्या हीटरच्या जागेतूनच नेतो, झाकणपट्टी बनवून.

विम्याचा आकडा ह्याहून निराळा आहे. एका अप्रेझरने (किंमत ठरवून देणाऱ्याने) अ‍ॅग्रीड व्हॅल्यूसाठी (विमा कंपनीशी आधीच ठरवलेल्या किमतीसाठी) ६४,००० लिहून दिलेत आणि ते बरोबरच आहे. उद्या गाडी जळाली तर अशीच दुसरी उभी करायला ३८,००० ची गाडी आणि वर २७,७०० ची कामं लागतील. तो उभारणीचा खर्च झाला. विकायला गेल्यावर तेवढे कुणी देईल असं त्यातून निघत नाही. बँकेला किंवा घरच्यांना दाखवताना हे दोन कागद एकात मिसळू नका.

पुण्याच्या मित्रांसाठी एक. तुमच्याकडे २०२१ साली आलेल्या नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात लागते, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. माझी गाडी आजच्या अवस्थेत त्यात बसणार नाही, स्टँडवरचं इंजिन आत गेलं तर बसेल. इंपाला किंवा जुन्या फियाटमध्ये नवं इंजिन टाकायच्या विचारात असाल तर काढलेलं इंजिन विकू नका, एवढंच सांगतो.

आता राहिलं रीबिल्डचं. तक्त्यातले ७,५०० हे ब्लॉक चांगला आहे असं धरून. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.१२ इंच. ०.०३० इंच वाढवलेला असेल तरी निभावेल. ०.०६० निघाला तर पुढच्या वेळी वाढवायला फारसं उरत नाही, स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) घालायचा खर्च धरावा लागेल आणि ४७,००० खाली येतील. बोअर गेज एका मित्राकडून शनिवारी मिळतंय. ओहायोच्या गृहस्थांना ब्लॉक विकायचा नाही असं कळवलंय, बदल्यात त्यांना ९७९००७१ चा दुसरा ब्लॉक शोधून द्यायचं कबूल केलंय. कुणाच्या माहितीत असेल तर सांगा, नंबर न जुळणारा चालेल.