जर्मन नागरिकत्व घेताना: दाखला, पासपोर्ट आणि सातबारा

२७ जून २०२४ ला जर्मनीचा नवा नागरिकत्व कायदा लागू झाला आणि आमच्या म्युनिकच्या मराठी ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. ‘आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येणार!’ हा गैरसमज अजूनही पुष्कळांच्या मनात आहे, म्हणून आधी तेवढं स्पष्ट करते. जर्मनीची आता दुसऱ्या नागरिकत्वाला हरकत नाही, हे खरं. पण भारताची आहे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वतःहून परदेशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही, कुणाची मंजुरी लागत नाही. जर्मन प्रमाणपत्र हातात पडलं त्या क्षणी तुम्ही भारतीय नागरिक राहत नाही. ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारतात येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड, मिळतं, पण ते नागरिकत्व नव्हे.

हे सगळं ठाऊक असूनही मी २०२३ च्या शरदात अर्ज केला. लग्नानंतर २०१४ मध्ये मी इथे आले. नवरा त्याआधीच, २००९ मध्ये शिकायला आला होता. त्यामुळे २०१८ मध्ये मुलगी जन्मली ती जन्मतःच जर्मन. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, असल्यावर रोजचं काहीच अडत नाही, मग हे कशाला, असं आई प्रमाणपत्र मिळेपर्यंत विचारत राहिली. माझं उत्तर एकच होतं, मतदान. २००० साली इथल्या सरकारने आयटीवाल्यांसाठी ग्रीन कार्ड आणलं, तेव्हा नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या निवडणुकीत ‘किंडर श्टाट इंडर’ ही घोषणा गाजली होती, म्हणजे भारतीय आणण्यापेक्षा आपल्या मुलांना शिकवा. ज्यांच्यावरून ती घोषणा झाली त्यांच्यापैकी कुणालाही तिथे मत नव्हतं. आपल्यावरून निवडणुका लढवल्या जातात आणि आपण नुसते बघत बसतो, हे मला पटत नव्हतं. माझी मुलगी इथल्याच शाळेत जाते. ती शाळा कशी चालावी याबद्दल मला बोलायचं होतं.

परीक्षेची फार भीती बाळगू नका. बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन लागतं, त्याला मात्र अभ्यास हवा. नागरिकत्वाची चाचणी सोपी आहे: ३१० प्रश्नांचा संच आधीच उपलब्ध असतो, त्यातले ३३ येतात, १७ बरोबर आले की पास. ३३ पैकी ३ आपल्या राज्याचे असतात. मी ऑफिसला जाता-येता यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, पाठ केले. पण त्यातला एक प्रश्न माझ्या मनातून जाईना: १९७० मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट वॉर्साच्या ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले, ते कशासाठी? उत्तर पाठ होतं, क्षमायाचना. तरी एका शनिवारी मी एस-टू लोकल पकडून दाखाऊला गेले. आमच्या घरापासून ही छळछावणी इतकी जवळ, आणि इतकी वर्षं मी गेलेच नव्हते. मार्च १९३३ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यावर दोनच महिन्यांत ती सुरू झाली. हजेरीचं ते मोकळं मैदान ओलांडायला किती वेळ लागतो, हे चालल्यावरच कळतं. पुढे नव्या कायद्याप्रमाणे एक वाढीव निवेदन आलं, नाझी राजवटीच्या अन्यायाबद्दल जर्मनीची खास ऐतिहासिक जबाबदारी आणि ज्यू जीवनाचं रक्षण मान्य असल्याचं. त्यावर सही करताना मला वाचून नव्हे, पाहून सही करतेय असं वाटलं. इथे राहणाऱ्या प्रत्येक भारतीयाने दाखाऊ एकदा तरी बघावं, नागरिकत्व घ्यायचं असो वा नसो.

खरी कसरत कागदांची, आणि त्यातही आपल्याकडच्या कागदांची. पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र, भाडेकरार, पेन्शनचा तपशील हे इथलं सगळं फाइलमध्ये तयार होतं. जन्मदाखला मात्र कोरेगाव तालुक्यातल्या ग्रामपंचायतीचा. त्यावर आईचं नाव, वडिलांचं नाव, ‘लिंग: स्त्री’, आणि बाळाच्या नावाची जागा कोरी! त्या काळी बारशाच्या आधीच नोंद व्हायची आणि नंतर नाव घालायला कुणी जात नसे. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सगळं भागतं, म्हणून कधी अडलं नव्हतं. वडिलांनी तोच दाखला, आधार आणि प्रतिज्ञापत्र घेऊन ग्रामसेवकांकडून नाव चढवून घेतलं. मग इथे शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन भाषांतर. तुमच्या घरात कुणी बाहेर जायच्या तयारीत असेल तर आजच जन्मदाखला काढून बघा, नाव आहे का, आणि स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का.

दुसरा घोळ मधल्या नावाचा. लग्नानंतर पासपोर्ट बदलला, तेव्हा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आलं, जसं आपण एरवी लिहितो. जर्मन व्यवस्थेत तो रकाना म्हणजे माझीच नावं. त्यामुळे दवाखान्यापासून बँकेपर्यंत दहा वर्षं मला नवऱ्याच्या नावानेही हाक मारली गेली आहे. नागरिकत्व मिळाल्यावर नाव जर्मन पद्धतीला जुळवून घेण्याची सोय कायद्यात आहे. मी विचार केला आणि सोडून दिला, कारण नवं नाव माझ्या पदवीशी, जुन्या पासपोर्टशी जुळलं नसतं आणि ओसीआयच्या अर्जात तीच गाठ पुन्हा सोडवावी लागली असती. मैत्रिणीने मात्र बदललं आणि ती खूश आहे. हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण प्रमाणपत्र घ्यायला जाण्याआधीच घ्यावा.

अर्जाची फी २५५ युरो. मग वाट बघायची, अनेक शहरांत वर्षाच्या वर. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोलावणं आलं. राज्यघटनेचा आणि कायद्यांचा मान राखीन, असं उभं राहून मोठ्याने म्हणायचं असतं. नवरा मुलीला घेऊन शेजारी उभा होता. त्याने अर्ज केलेला नाही आणि तूर्त करणारही नाही.

याचं कारण शेतजमीन. बाबांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तोही हाच: “सातबाऱ्यावर तुझं नाव लागंल का गं पुढं?” मी नीट चौकशी केली. ओसीआय असलेल्याला भारतात घर, फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही. वारसाहक्काने मात्र येऊ शकते. म्हणजे बाबांच्या माघारी माझा वाटा बुडत नाही, पण भावाशेजारची जमीन विकायला निघाली तर मी ती घेऊ शकत नाही. नवऱ्याला कधीतरी गावी शेती करायची आहे, म्हणून त्याने भारतीय पासपोर्ट ठेवला. इथल्या पुष्कळ घरांत अशीच वाटणी आहे. एकजण जर्मन, एकजण भारतीय.

प्रमाणपत्रानंतरच्या दोन-तीन महिन्यांचं नियोजन आधीच करून ठेवा. भारतीय पासपोर्टवर आता प्रवास करायचा नसतो, जर्मन पासपोर्ट यायला काही आठवडे जातात, मग जुना कॉन्सुलेटमध्ये जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि त्यानंतर ओसीआयचा अर्ज. मध्येच गावी जायची वेळ आली तर जर्मन पासपोर्टवर व्हिसा काढावा लागतो. आईवडील थकलेले असतील तर आधी त्यांना भेटून या आणि मगच प्रमाणपत्र घ्या. माझा पासपोर्ट ‘रद्द’ शिक्का मारून परत मिळाला. त्यातल्या पहिल्या व्हिसाच्या पानावर माझा लग्नातल्या हिरव्या चुड्यातला काळ आहे, आणि खिडकीपाशी उभी राहून मी रडले. अधिकारी बाई थांबल्या, पाणी दिलं, घाई केली नाही.

त्याच दिवसांत, २० नोव्हेंबरला, महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. आईने फोन केला, माझ्या नावाची स्लिप घरी आली होती. मतदार यादीतून नाव काढण्यासाठी ७ नंबरचा फॉर्म असतो. तो भरायला हवा, कारण नागरिक नसताना यादीत नाव ठेवणं बरोबर नाही. तो फॉर्म मला पासपोर्टपेक्षा जड गेला. बाबांनी मतदान करून बोटावरची शाई व्हिडिओ कॉलवर दाखवली.

२३ फेब्रुवारी २०२५ ला जर्मन संसदेची निवडणूक झाली. प्रचाराचा मोठा भाग स्थलांतरितांवरूनच चालला होता. केंद्र मुलीच्याच शाळेत होतं. एका कागदावर दोन मतं, पहिलं मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला. मी दोन्ही दिली. त्या वेळी देशभर ८२.५ टक्के मतदान झालं. ओसीआय त्यानंतर आलं, उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो, आणि बाबांनी माझ्या नि भावाच्या वाट्याचं मृत्युपत्र नोंदवून टाकलं.