सहा चौकटींतला सिद्धेश्वर

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

आमच्या लायब्ररीची अक्षरे मोजण्याची पद्धत बदलण्याचा, तीन आठवडे रेंगाळलेला प्रस्ताव आज दुपारी अखेर सहकाऱ्यांकडे पाठवला. आमची ही ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कोणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून घ्यावा असा खुला कोड, लहान आहे. देवनागरी मजकूर दिला की त्यातली अक्षरे सुटी करून देणे आणि ती मोजणे, एवढेच तिचे काम. 2017 साली ती लिहिताना मी युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर सगळ्या लिपी लिहिण्याच्या जागतिक मानकाच्या, नियमांचे तक्ते हाताने उतरवून घेतले होते, आणि तेव्हा मला ती स्वतःची हुशारी वाटली होती.

प्रस्तावाला निमित्त झाले एका टॉवेलचे. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग असलेले एक परिचित गृहस्थ आहेरासाठी नावे विणलेले टॉवेल करतात. नाव उभे विणायचे असले की प्रत्येक अक्षराला एक चौकट द्यावी लागते, आणि त्या चौकटी पाडण्यासाठी त्यांच्या मुलाने आमचीच लायब्ररी वापरली होती. त्यांनी नमुना माझ्यासमोर पसरला, तेव्हा ‘सिद्धेश्वर’ सहा चौकटींत उतरलेला दिसला: सि, द्, धे, श्, व, र. सोलापुरात, आणि ग्रामदैवताच्या नावात, द आणि श असे पाय मोडून उभे! गृहस्थ रागावले नाहीत; ‘‘सर, आमच्या मागाला जोडाक्षर जमतंय, तुमच्या कॉम्प्युटरला का जमंना?’’ एवढेच म्हणाले, आणि मला चहासुद्धा नीट गेला नाही.

घरी येऊन तेच नाव मोजत बसलो. यूटीएफ-8 या साठवणुकीच्या पद्धतीत त्याचे 30 बाइट होतात, कोड पॉइंट (व्यंजन, मात्रा, हलन्त अशी सुटी चिन्हे) 10, जुन्या नियमाने तुकडे 6, आणि पाटीवर लिहिणाऱ्या मुलाला विचारले तर अक्षरे 4. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या युनिकोड 15.1 ने हलन्ताने (पाय मोडण्याच्या चिन्हाने) जोडलेली व्यंजने एकत्र ठेवण्याचा नियम आणला, त्यामुळे नव्या प्रणालींत हे उत्तरही 4 येते. आमचा तक्ता मात्र 2017 मध्येच थांबलेला आहे.

प्रस्तावाचा पहिला खर्डा म्हणूनच सोपा होता: हातचा तक्ता फेकून द्यावा, नवा नियम घ्यावा, मोकळे व्हावे. तो खर्डा आता वाचवत नाही; जुना कोड किती वाईट आहे यावरच त्यात तीन पाने होती, आणि तो कोड माझाच होता. शिवाय मार्गही पुरता नव्हता. त्या गृहस्थांकडे कन्नड आणि तेलुगू नावांच्याही मागण्या येतात, जे या गावात नवल नाही, पण 15.1 च्या नियमात तेलुगूचा हलन्त आहे आणि कन्नडचा नाही. पुण्याच्या सहकारी बाईंनी दुसरी अडचण काढली. छंदात ‘भगवान्’ तीन अक्षरांचे मोजतात, कारण शेवटचे व्यंजन आधीच्या अक्षरात जिरते, आणि युनिकोडचा नवा नियमही तिथे चारच तुकडे देतो. सहा-सहा-सहा-चार असा मोठा अभंग तपासणाऱ्याला हे उत्तर काय कामाचे?

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की चूक तक्त्यात कमी आणि ‘अक्षरसंख्या’ या फंक्शनच्या, म्हणजे मोजणी करणाऱ्या आज्ञेच्या, नावात जास्त आहे. ते नाव एकच उत्तर असल्याचा आव आणते. पाठवलेल्या प्रस्तावात ते नावच काढून टाकण्याची सूचना आहे. कर्सर हलवण्यासाठी लागणारे तुकडे ज्या त्या प्रणालीकडून घ्यावेत, त्यांचे तक्ते आपण सांभाळूच नयेत. आपली मेहनत अक्षराच्या वेगळ्या थरावर खर्चावी, जिथे लिपी कोणती आणि मोजणी चौकटीसाठी की छंदासाठी, हे वापरणाऱ्याने स्पष्ट सांगायचे. युनिकोडच्या दस्तऐवजातच असे स्थानिक फेरफार करण्याची मुभा दिलेली आहे, त्यामुळे आपण बंडखोरी करत आहोत अशातला भाग नाही.

खरी धास्ती जुन्या वापरकर्त्यांची आहे. ज्यांनी ‘सहावे अक्षर’ अशा स्थाननोंदी डेटाबेसमध्ये साठवल्या असतील, त्यांच्याकडे एका अपडेटने सगळे शब्द सरकतील, आणि कुठलीही एरर न येता सरकतील. म्हणून ही मेजर आवृत्ती, म्हणजे जुन्याशी न जुळणारी म्हणून जाहीर केलेली, असावी, जुने फंक्शन वर्षभर इशारा देत चालू राहावे, आणि जुन्या स्थानावरून नवे स्थान काढून देणारे एक साधन सोबत द्यावे, असे लिहिले. हे साधन कंटाळवाणे आहे, ते मीच लिहीन, असेही लिहून बसलो.

रात्री बाईंचे उत्तर आले. दिशा मान्य आहे, मात्र कन्नडच्या चाचण्या कोण लिहिणार, असा प्रश्न त्यांनी केला आहे. उद्या संध्याकाळी पूर्व भागात जाऊन गृहस्थांकडून कन्नड नावांची जुनी ऑर्डरवही मागून आणणार आहे.